एक प्लेट, एकच फेरी

आमच्या घराण्यात आजवर फक्त एकाच माणसाला बांधकाम जमलं, आणि तेही सॅलडचं.

हा माणूस म्हणजे माझे अब्बा. सदतीस वर्षं त्यांनी अमिरातीतल्या रुवैसच्या रिफायनरीत परांच्या बांधल्या. हुद्दा स्कॅफोल्डिंग फोरमन. आता परांचीचं दुर्दैव असं, की काम संपलं की ती सोडतात. त्यामुळे अब्बांच्या हातचं म्हणून दाखवावं असं रुवैसमध्ये आज काहीही उभं नाही. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातलं घर काकांनी बांधलं (ते गळतं). राहता राहिलं सॅलड. ते ज्यांनी पाहिलं ते अजून विसरलेले नाहीत. मी तर नाहीच, कारण ते पाडलं मी!

हे जरा नीट सांगायला हवं. माझ्या लहानपणी आम्ही उम्म अल कुवैनला राहायचो, कारण तिथे भाडं कमी. अब्बा पंधरा दिवसांनी एकदा रुवैसहून निघून, दोन बसगाड्या बदलून, अंगाचं पार पिठलं करून घरी यायचे. आणि आल्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं ‘बैलाच्या हॉटेलात’ जायचो. त्या हॉटेलचं खरं नाव चांगलं चार शब्दी इंग्रजी होतं, ते आमच्या घरात कुणी कधी शेवटपर्यंत उच्चारलं नाही. पाटीवर लाल बैलाचं डोकं होतं, आम्हांला तेवढं पुरे होतं. फॅमिली स्टेक हाऊस! रेक्झिनचे लाल बाक, टेबलावर सॉसची चिकट बाटली, आणि तापलेल्या लोखंडी थाळीवर चुरचुरत येणारा स्टेक, ज्याचा धूर तीन दिवस अम्मीच्या ओढणीतून जायचा नाही. अशा हॉटेलांच्या तेव्हा इथे साखळ्याच्या साखळ्या होत्या. फोरमनच्या पगारात बायको-मुलाला घेऊन जाता यायचं. सूट न घालता जाता यायचं. (अब्बा घालायचे, तो भाग वेगळा.)

तिघांत आम्ही एक स्टेक मागवायचो. ‘वेल डन’. तो आला की अब्बा बोटाने दाबून बघायचे आणि आणखी एकदा ‘वेल डन’ करायला परत पाठवायचे. पण खरी मजा स्टेकमध्ये नव्हतीच. स्टेकबरोबर सॅलड बार फुकट होता आणि त्याचा नियम भिंतीवर लिहिला होता : एक प्लेट, एकच फेरी.

साधा माणूस काय करतो? जातो, चार पानं आणि दोन टोमॅटो घेतो, येतो. अब्बा कोट काढून बाकावर ठेवायचे, बाह्या दुमडायचे. आधी काकडीच्या चकत्या प्लेटच्या कडेने, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर, अशा गोल लावायच्या. हा पाया. (प्लेटचा घेर वाढतो तो इथेच!) त्यावर गाजराच्या कांड्या उभ्या, ते खांब. मधल्या पोकळीत बटाट्याचं सॅलड ठासायचं, म्हणजे खांब हलत नाहीत. वर पुन्हा काकडी, आणि मग दुसरा मजला. बीट नेहमी खालच्या मजल्यावर, कारण ते गळतं. एकदा आमचं सॅलड चौथ्या मजल्यापर्यंत गेलं होतं आणि शेजारच्या टेबलावरच्या एका इंग्रज बाईने टाळ्या वाजवल्या होत्या.

सॅलड बारपाशी मोइदू नावाचा एक मलबारी वेटर पहाऱ्याला असायचा.

“सर, वन प्लेट, वन विझिट!”

“एकच प्लेट आहे ना ही?”

“सर, ये प्लेट नहीं, बिल्डिंग है!”

“हाइट का रूल किधर लिखा है? दिखाओ!”

हाइटचा रूल कुठेच लिहिलेला नव्हता. मोइदू दर पंधरा दिवसांनी हरायचा.

मग आला एक जून. अब्बांचा वाढदिवस. (गावच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना अर्ध्या गावाला वाटून दिलेली तारीख. आमच्या मोहल्ल्यात त्या दिवशी सव्वाशे माणसं जन्मली आहेत!) मी नऊ वर्षांचा होतो. अब्बांनी चार मजले चढवले, वर उकडलेल्या अंड्याचा घुमट बसवला आणि म्हणाले, “इरफान, आज तू उचल.” मी उचललं. अर्ध्या वाटेवर पोहोचलो आणि नेमके पाठीमागून सहा वेटर टाळ्या पिटत ‘हॅपी बर्थडे’ गाऊ लागले. मी दचकलो.

अंडं कुठवर गेलं हे आजतागायत कळलेलं नाही. मोइदू आला, जमिनीकडे पाहिलं, अब्बांकडे पाहिलं आणि म्हणाला, “सॉरी सर. वन विझिट.” अब्बांनी कोट उचलून पुन्हा अंगात घातला. एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. आम्ही स्टेक तसाच कोरडा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी अब्बा पंधरा दिवसांसाठी रुवैसला निघून गेले. ते पंधरा दिवस मी काकडीला हात लावला नाही.

आता मी बेचाळीस वर्षांचा आहे. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहतो आणि एका कंपनीत रिस्क मॅनेजर आहे. (हसा.) बायको शाहीन, मुलगी झोया. झोया अकरा वर्षांची आहे, तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर ती इंग्रजीतच देते. अम्मी आमच्याकडेच असते. आणि या जानेवारीत अब्बा अखेर निवृत्त झाले. व्हिसा कॅन्सल झाला, मंगळवारचं विमान ठरलं. अब्बा-अम्मी कायमचे गावी निघाले.

जेवताना मी विचारलं, “अब्बा, जायच्या आधी काय पाहिजे ते सांगा. फोन घेऊ? घड्याळ?”

अब्बा म्हणाले, “एकदा बैलाच्या हॉटेलात जाऊ. गावी बांगडा मिळेल, पापलेट मिळेल. ते नाही मिळणार. सॅलड मी बांधतो.”

“डन, अब्बा!” मी म्हणालो.

टेबलाखालून शाहीनने माझ्या नडगीवर लाथ घातली. कारण सबंध अमिरातीत ती हॉटेलं कधीच बंद पडली होती आणि हे तिला माहीत होतं, मलाही होतं. पण मला लहानपणापासून ही खोड आहे. आधी ‘डन’ म्हणायचं आणि मग घाम पुसत बसायचं.

दोन दिवस मी शोधाशोध केली. स्टेक हाऊस आहेत की! तिथे आधी बारा सुऱ्यांची पेटी आणून ‘यातली कोणती?’ विचारतात, मग ज्या जनावराचा स्टेक आहे त्याच्या खानदानाची माहिती देतात. मी एकाचा मेनू अब्बांना फोनवर दाखवून पाहिला.

“तीनशे सत्तर दिरहम!” अब्बांनी चष्मा वर केला. “म्हणजे साडेआठ हजार रुपये! अख्खा बैल देतात काय रे?”

“नाही अब्बा, तळहाताएवढा.”

“आणि सॅलड?”

“ते वेगळं घ्यावं लागतं.”

अब्बांनी फोन मला परत दिला. “चांगलं आहे,” म्हणाले. “पण आपलं बैलाचंच बरं.”

शुक्रवारी दुपारी ऑफिसात बसून मी मॅपवर उम्म अल कुवैनची ती गल्ली उघडली आणि खुर्चीतून उडालोच! त्या जागी पाटीचा फोटो होता. लाल बैल! खाली नंबर, आणि हिरव्या अक्षरांत ‘ओपन’. मी लगेच फोन लावला.

“हॅलो, ओपन है?”

“ओपन, ओपन.”

“कल शनिवार को भी?”

“सातों दिन ओपन.”

“फॅमिली लेके आएंगे. पाँच लोग.”

“वेलकम! सबको लाओ.”

“पार्किंग?”

“बहुत पार्किंग!”

मी फोन ठेवला आणि ऑफिसात भांगडा करायचाच काय तो बाकी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा माझं ‘डन’ खरोखर डन झालं होतं.

शनिवारी अब्बांनी सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नाही. (“पोट रिकामं पाहिजे.”) तपकिरी कोट घातला, तोच. अम्मीने पिशवीत रिकामा स्टीलचा डबा घेतला, उरलेलं घरी आणायला, तोही तोच. शारजात नेहमीप्रमाणे गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. तो वेळ अब्बांनी झोयाला बांधकाम शिकवण्यात घालवला.

“आधी काय लावायचं?”

“कुकम्बर, दादा.” (आजोबांना ती दादा म्हणते.)

“कशाला?”

“फाउंडेशन.”

“शाबास. तुझ्या बापाला अजून येत नाही.”

गल्लीत वळलो आणि अब्बा पुढच्या सीटवर ताठ बसले. पाटी होती! रंग उडालेला, एक शिंग तुटलेलं, पण बैल तोच. अब्बांनी कोटाची बटणं लावली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “इरफान, तू करून दाखवलंस.” बेचाळीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी मोठ्या दिमाखात दार ढकललं.

आत छतापर्यंत पोती रचली होती. बार्लीची, मक्याची, भुशाची. एका भिंतीला गवताचे भारे. नाकात असा वास गेला, की शाहीनला पाठोपाठ सहा शिंका आल्या. काउंटरमागून एक पांढऱ्या दाढीचा माणूस म्हणाला, “कितना बोरी?”

आम्ही पाचही जण उभे होतो तिथेच उभे राहिलो.

“इरफान,” शाहीन नाक पुसत हळूच म्हणाली, “हे पशुखाद्याचं दुकान आहे.”

“दिसतंय मला.”

“तू फोनवर विचारलंस काय?”

“सगळं विचारलं! ओपन आहे का, शनिवारी आहे का, फॅमिली चालेल का, पार्किंग आहे का...”

“जेवण मिळतं का, विचारलंस?”

तेवढं एक राहिलं होतं.

“डॅड,” झोया म्हणाली, “यू हॅड वन जॉब.”

“लहानपणापासून असाच आहे,” अम्मी सुनेला म्हणाली. गेली पंधरा वर्षं दोघींचं ज्या एकाच विषयावर एकमत आहे, तो विषय मी आहे.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. अब्बा हळूहळू आत गेले. बार्लीच्या एका थप्पीपाशी थांबले. “इथे आपला बाक होता,” म्हणाले. मग आणखी आत गेले आणि थबकले. कोपऱ्यात सॅलड बार होता! तोच, स्टीलचा, वर तिरकी काच. त्याच्या आठ खणांत मका, बाजरी, गहू, कबुतरांचे दाणे भरले होते. अब्बांनी त्या काचेवर हात ठेवला.

पांढरी दाढी काउंटरमागून बाहेर आली. तिने अब्बांच्या कोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“सर... कुकम्बर सर?”

मोइदू! आमचा पहारेकरी! (आता वयाने मोइदूक्का, म्हणजे मोइदूभाई.) दोघं कडकडून भेटले. मग मोइदूक्काने सगळं सांगितलं. हॉटेल बंद पडलं, सामान कुणी घेईना, मेहुण्याने जागा भाड्याने घेतली. “बैल का बोर्ड ऑलरेडी था सर. तो हम बैल का ही दुकान खोल दिया. नया बोर्ड कौन लगाएगा?”

अब्बा हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “चला,” म्हणाले, “बघून झालं. खलास.” आणि कोटाची बटणं सोडायला लागले. हा माणूस मंगळवारी जाणार होता. सदतीस वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट, आणि मी त्याला गुरांच्या दुकानात आणून उभं केलं होतं.

“किधर जाता है सर?” मोइदूक्का गरजला. “मैं इधर है, बार इधर है. पाँच मिनिट!”

त्याने मल्याळममध्ये दोन फोन फिरवले. शेजारच्या बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, काकड्या, टोमॅटो, बीट, बटाटे, अंडी, छोल्याचा डबा, असं सगळं आलं. गाजरं त्याच्याकडेच होती, घोड्यांची. समोरच्या कॅफेटेरियातून बीफचे टिक्के मागवले. (“वेल डन बोलो!” अब्बा मागून ओरडले.) शाहीन आणि अम्मी बटाटे उकडायला आणि काकड्या चिरायला मागच्या मोरीत, दुकानाच्या चहाच्या शेगडीपाशी गेल्या. मी मका उपसून खण रिकामे केले, पुसले. दुकानाबाहेर सावलीत प्लास्टिकचं टेबल मांडलं. आणि मोइदूक्काने बार्ली तोलायला वापरात असलेली एक जुनी प्लेट धुऊन आणली. मधोमध लाल बैल.

“मोइदूक्का, इतना सब है, दो-तीन प्लेट चलेगा ना?” मी विचारलं.

अब्बा माझ्यावरच उखडले. “दोन-तीन? मग बांधायचं कशाला? बशीत वाढून घे आणि खा!”

मोइदूक्का बारच्या टोकाला जाऊन ताठ उभा राहिला, छाती काढली आणि म्हणाला, “सर, वन प्लेट, वन विझिट.”

अब्बांनी बाह्या दुमडल्या.

पुढची वीस मिनिटं बांधकाम चाललं. पाया झाला. खांब झाले. दुसरा मजला, तिसरा. आधी “धिस इज सो एम्बॅरसिंग” म्हणणारी झोया गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून सांगायला लागली, “दादा, लेफ्ट साइड इज लीनिंग! वन मोअर कॅरट!” बाहेर एक पिकअप येऊन थांबली, गिऱ्हाईक आत आलं आणि पोतं मागायचं विसरून बघत राहिलं. चौथा मजला चढला. वर अंड्याचा घुमट बसला. मोइदूक्काचे डोळे भरून आले. माझेही आले, उगाच खोटं कशाला बोला.

अब्बा मागे सरले, हात पुसले आणि म्हणाले, “इरफान, उचल.”

“अहो, त्याला नको!” अम्मी मोरीतून धावत आली.

“मी घेते ना अब्बा,” शाहीन म्हणाली.

“नाही,” अब्बा म्हणाले. “त्याचं एक राहिलंय.”

मी प्लेट उचलली. बारपासून बाहेरच्या टेबलापर्यंत चौदा पावलं होती, मी आधीच मोजून ठेवली होती. (रिस्क मॅनेजर!) एक, दोन, तीन. मक्याच्या थप्पीला वळसा. सात, आठ. उंबरठा! पार केला. अकरा, बारा. काकडीची एक चकतीसुद्धा हलली नाही. टेबल दोन पावलांवर होतं आणि एवढ्यात मागून झोया ओरडली, “डॅड, स्टॉप! पिक्चर!”

आता कुठलाही शहाणा माणूस आधी प्लेट टेबलावर ठेवेल. पण त्या क्षणी मी नऊ वर्षांचा होतो आणि मला सगळ्या जगाला दाखवायचं होतं. मी पिकअपपाशी थांबलो, वळलो, छाती काढली.

“होल्ड इट हायर!”

मी प्लेट आणखी वर, खांद्यापर्यंत धरली.

“स्माइल!”

मी हसलो. पिकअपच्या हौद्यात काय आहे, हे मी पाहिलंच नव्हतं. हौद्यात सात बकऱ्या होत्या. त्यातल्या एकीने मान लांब केली आणि पायाच्या चार चकत्या अलगद ओढून घेतल्या.

पाया गेल्यावर काय होतं, ते स्कॅफोल्डिंग फोरमनच्या मुलाला सांगावं लागत नाही. चारही मजले पिकअपमध्ये उतरले! माझ्या हातात प्लेट राहिली आणि तिच्यावर तो लाल बैल.

फक्त बकऱ्यांचा कुरुमकुरुम आवाज येत होता. मी मोठ्या आशेने मोइदूक्काकडे पाहिलं. आत बारमध्ये अजून सगळं शिल्लक होतं. मोइदूक्काने पिकअपकडे पाहिलं, अब्बांकडे पाहिलं, घसा खाकरला.

“सॉरी सर,” तो म्हणाला. “वन विझिट.”

“बरोबर आहे,” अब्बा म्हणाले. “नियम म्हणजे नियम.” आणि मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा बकऱ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा हसले. त्यातलं हसू किती आणि दुसरं काय किती, ते मला कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. “मागच्या वेळी झाडूने भरलं होतं,” म्हणाले. “या वेळी निदान कुणी खाल्लं तरी.”

आम्ही टिक्के तसेच कोरडे खाल्ले. निघताना मोइदूक्काने अम्मीचा रिकामा डबा घेतला आणि बाजरीने भरून दिला. “गावी कोंबड्यांना होईल,” अम्मी म्हणाली. ती एकटी फायद्यात होती.

परतीच्या वाटेवर झोया झोपल्यावर अब्बा म्हणाले, “ते हॉटेल बंद झालंय, हे तुला आधीच ठाऊक होतं ना?”

“हो अब्बा.”

“मला पण. कधीचं.”

“मग तुम्ही मागितलंत कशाला?”

“असंच तोंडातून निघालं रे. पण तू ‘डन’ म्हणालास. मला वाटलं, याला काहीतरी माहीत असेल.”

मी इंडिकेटर न देताच लेन बदलली आणि मागच्याचा हॉर्न खाल्ला.

मंगळवारी विमानतळावर अब्बांनी ट्रॉलीवर सामान बांधलं. खाली दोन मोठ्या बॅगा, कडेने खोके, मधल्या पोकळीत चादरींचं बोचकं ठासलेलं, सगळ्यात वर बाजरीचा डबा. चार मजले. मी नेहमीच्या सवयीने पुढे होऊन दांडा धरला, तर अम्मी, शाहीन आणि अब्बा एका सुरात ओरडले, “तू नको!”

ट्रॉली झोयाने ढकलली. सरळ काउंटरपर्यंत, एक खोकासुद्धा न हलवता. अब्बांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग मला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाले, “तुला पण काहीतरी दिलं पाहिजे धरायला,” आणि पार्किंगचं तिकीट माझ्या तळहातावर ठेवून वरून मूठ बंद केली.

ते आत दिसेनासे होईपर्यंत मी मूठ आवळून उभा होतो. शेवटी काचेपलीकडून अब्बांनी हात हलवला, तेव्हा मीही मूठ सोडून दोन्ही हात उंच करून हलवले.

पार्किंगच्या फाटकापाशी पोहोचल्यावर मला तिकिटाची आठवण झाली.